बगांची नोंद बाहेर देण्यापूर्वी: क्लिफ आणि मॉर्फ वापरून दोषांचा डेटा झाकण्याची रीत

सॉफ्टवेअरचा कोणता भाग पुढे बिघडण्याची शक्यता जास्त आहे, हे चाचणी सुरू होण्याआधी कळले, तर चाचणीसाठी हाताशी असलेला अपुरा वेळ नेमक्या ठिकाणी खर्च करता येतो. दोष-पूर्वानुमान या अभ्यासशाखेचा सारा खटाटोप याचसाठी चालतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: मागील आवृत्तीतील प्रत्येक क्लासची, म्हणजे कोडच्या प्रत्येक स्वतंत्र घटकाची, मापे, आणि त्या क्लासमध्ये नंतर बग सापडला की नाही याची नोंद. नव्या प्रकल्पाकडे अशी नोंद नसते, आणि ज्या कंपन्यांकडे ती वर्षानुवर्षांची साठलेली असते त्या ती बाहेर दाखवत नाहीत. त्यांचा नकार हेकेखोरपणाचा म्हणता येत नाही. कोडच्या ओळींची संख्या आणि कामाला लागलेला काळ एकत्र ठेवला की चमूची उत्पादकता निघते, आणि सदोष क्लासची यादी स्पर्धकाच्या किंवा हल्लेखोराच्या हाती पडली तर ती आपल्या कमकुवत जागांचा नकाशाच ठरते.

या पेचावर फेयोला पीटर्स यांनी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात टिम मेंझीस यांच्याबरोबर सुरू केलेले काम आजही उपयोगी आहे. २०१२ च्या आयसीएसई या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी ‘मॉर्फ’ ही मूल्ये सरकवण्याची पद्धत मांडली, २०१३ मध्ये ‘आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ या नियतकालिकात तिला ओळी छाटणाऱ्या ‘क्लिफ’ची जोड दिली, आणि २०१५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून डेटा देण्यासाठी ‘लेस-२’ पुढे आणली. ज्यांच्याकडे बगांची नोंद आहे आणि ती संशोधकांना, ग्राहकाला किंवा आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या विभागाला द्यायची आहे, अशा अभियंत्यांसाठी ही रीत येथे पायरीपायरीने दिली आहे. हिंजवडीतील किंवा बेंगळुरूतील सेवा-कंपन्यांत कोडची मालकी बहुधा ग्राहकाकडे असते, म्हणून पहिली पायरी सुरू करण्यापूर्वी करारातील गोपनीयतेचे कलम वाचून घ्यावे. पुढील कोणतेही गणित त्या कलमाची जागा घेऊ शकत नाही.

नावे खोडणे पुरेसे का नाही

बहुतेक जण क्लासच्या नावांचा रकाना काढून टाकतात आणि डेटा सुरक्षित झाला असे समजतात. या समजुतीला अमेरिकेतील लटान्या स्वीनी यांनी नव्वदच्या दशकातच धक्का दिला होता. मॅसॅच्युसेट्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे काढून दिल्या गेल्या होत्या. स्वीनी यांनी त्या केंब्रिज शहराच्या मतदार यादीशी पडताळल्या आणि पिन कोड, जन्मतारीख व लिंग एवढ्यावरून तत्कालीन गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. क्लासच्या बाबतीतही तसेच घडते. एखाद्या क्लासमध्ये साधारण किती मेथड (त्यातील छोटी छोटी कार्ये) आहेत आणि तो किती इतर क्लासशी जोडलेला आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी तक्त्यातील नाव नसलेली ओळही ओळखीची असते. पूर्वी त्या चमूत काम करून बाहेर पडलेल्या कोणालाही एवढी माहिती असू शकते.

यावर स्वीनी यांनीच सुचवलेला के-अनामिकता हा मार्ग असा की प्रत्येक ओळ निदान आणखी काही ओळींसारखी दिसेपर्यंत मूल्ये ढोबळ करत जायची. परंतु जस्टिन ब्रिकेल आणि विताली श्मातिकोव्ह यांनी २००८ मध्ये दाखवले की अशा पद्धतींत थोडीशी गोपनीयता मिळवण्यासाठीही डेटाची उपयुक्तता फार मोठ्या प्रमाणावर गमवावी लागते. पीटर्स यांच्या कामाचे वेगळेपण नेमके येथे आहे. पूर्वानुमान करणाऱ्या मॉडेलला प्रत्येक क्लासचे अचूक मूल्य नको असते; सदोष आणि निर्दोष यांच्यामधली सीमा कुठून जाते एवढेच त्याला शिकायचे असते. तेव्हा सीमा जागच्या जागी ठेवून बाकीचे हलवले, तर मूळ मूल्ये लपतात आणि शिकवण शाबूत राहते.

पहिली पायरी: तक्ता तयार करणे

प्रत्येक क्लाससाठी एक ओळ आणि प्रत्येक मापासाठी एक रकाना असा तक्ता करावा. पीटर्स यांनी प्रॉमिस या खुल्या भांडारातील ज्या दहा जावा प्रकल्पांवर प्रयोग केले, त्यांत अँट, कॅमल, आयव्ही, जेएडिट, ल्युसीन, झेरसीस यांसारखे प्रकल्प होते आणि प्रत्येक क्लासची २० मापे होती. त्यांतील काही प्रसिद्ध मापे चिदंबर आणि केमेरर यांच्या १९९४ च्या संचातील आहेत: मेथडच्या गुंतागुंतीची बेरीज म्हणजे डब्ल्यूएमसी, इतर क्लासशी असलेली गुंतवण म्हणजे सीबीओ, वारशाच्या उतरंडीची खोली म्हणजे डीआयटी. जावासाठी ही मापे ‘सीकेजेएम’ या मोफत साधनाने काढता येतात. शेवटचा रकाना बगांच्या संख्येचा. ती शून्य असेल तर क्लास निर्दोष, अन्यथा सदोष, असे दोनच गट करावेत.

या पायरीवरच तीन गोष्टी काढून टाकाव्यात. पहिली म्हणजे क्लास, पॅकेज आणि फाइल यांची नावे. दुसरी म्हणजे कोड लिहिणाऱ्याचे किंवा बग नोंदवणाऱ्याचे नाव, ईमेल आणि तारखा, कारण ती व्यक्तींची माहिती आहे आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. मापांच्या तक्त्यात तिचे काही कामही नाही. तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: आपल्या कोडमध्ये जसेच्या तसे उचलून ठेवलेले खुल्या स्रोताचे क्लास. त्यांची मापे कोणीही स्वतः काढू शकतो, आणि झाकलेल्या फाइलमध्ये ते क्लास ओळखता आले की आपण मूल्ये किती सरकवली याचा अंदाज त्याला फुकट मिळतो.

दुसरी पायरी: क्लिफने छाटणी

जी ओळ दिलीच नाही तिची गोपनीयता पूर्ण असते. क्लिफ याच तत्त्वावर चालते. आपल्या गटाची ओळख ठळकपणे सांगणाऱ्या ओळी ती ठेवते आणि बाकीच्या गाळते.

प्रथम प्रत्येक मापाची मूल्ये काही पट्ट्यांत विभागावीत, आणि प्रत्येक पट्टीत साधारण सारख्या संख्येने ओळी येतील असे पाहावे. मग प्रत्येक पट्टीची प्रत्येक गटासाठी ताकद काढावी. समजा एका काल्पनिक तक्त्यात १०० क्लास आहेत, त्यांपैकी २० सदोष आणि ८० निर्दोष. सीबीओ १५ किंवा अधिक या पट्टीत सदोषांपैकी १२ आणि निर्दोषांपैकी ८ क्लास येतात. सदोषांसाठी पट्टीचे प्रमाण ०.६, त्याला गटाच्या ०.२ या वाट्याने गुणले की ०.१२. निर्दोषांसाठी ०.१ गुणिले ०.८ म्हणजे ०.०८. पहिल्या संख्येचा वर्ग भागिले दोन्हींची बेरीज, म्हणजे ०.०१४४ भागिले ०.२०, ही सदोष गटासाठी त्या पट्टीची ताकद झाली: ०.०७२. याउलट सीबीओ ५ ते ९ या पट्टीत ४ सदोष आणि ३२ निर्दोष असतील, तर सदोषांसाठी ताकद जेमतेम ०.००४४ भरते. वर्ग करण्याचे कारण असे की जी पट्टी एका गटात वारंवार दिसते आणि दुसऱ्यात क्वचित, तिलाच वजन मिळावे. केवळ दुर्मीळ असल्यामुळे कोणत्याही पट्टीने बाजी मारू नये.

एका ओळीतील सर्व पट्ट्यांच्या ताकदींचा गुणाकार म्हणजे त्या ओळीची ताकद. वीस लहान अपूर्णांकांचा गुणाकार फारच सूक्ष्म होतो, म्हणून प्रत्यक्षात त्यांचे लॉगरिदम घेऊन बेरीज करावी. शून्याची भीती बाळगू नये, कारण ज्या ओळीची ताकद काढत आहोत ती स्वतःच आपल्या गटाच्या त्या पट्टीत मोजली गेलेली असते.

आता प्रत्येक गटातील ओळी ताकदीप्रमाणे उतरत्या क्रमाने लावून वरचा भाग ठेवावा. पीटर्स यांनी १०, २० आणि ४० टक्के ओळी ठेवून प्रयोग केले. अँट १.७ मध्ये ७४५ क्लास असून त्यांपैकी १६६ सदोष आहेत. २० टक्के ठेवायचे म्हटले तर ३३ सदोष आणि ११६ निर्दोष मिळून १४९ ओळी उरतात. म्हणजे पाचांपैकी चार क्लासविषयी बाहेरच्याला काहीच कळणार नाही. आपला तक्ता दोनशे ओळींहून लहान असेल तर मात्र १० टक्क्यांचा मोह टाळावा असे मला वाटते, कारण मग सदोष गटात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच ओळी राहतात आणि पुढच्या पायरीला जागाच उरत नाही.

तिसरी पायरी: मॉर्फने सरकवणे

उरलेल्या प्रत्येक ओळीसाठी विरुद्ध गटातील सर्वांत जवळची ओळ शोधावी. तिला आपण परका शेजारी म्हणू. अंतर काढण्यापूर्वी प्रत्येक रकाना ० ते १ या मापात आणावा. हे विसरले की हजारांत जाणारी कोडच्या ओळींची संख्या बाकीच्या सर्व मापांना गिळून टाकते आणि परका शेजारी केवळ कोडच्या लांबीवरून ठरतो.

मग मूळ मूल्य आणि परक्या शेजाऱ्याचे मूल्य यांतील फरक घ्यावा, त्याला ०.१५ ते ०.३५ यांमधील यादृच्छिक संख्येने गुणावे, आणि येणारी रक्कम मूळ मूल्यात मिळवावी किंवा त्यातून वजा करावी. एखाद्या सदोष क्लासचे डब्ल्यूएमसी ३०, सीबीओ १६ आणि कोडच्या ओळी ६०० आहेत. त्याच्या परक्या शेजाऱ्याचे २०, १२ आणि ४००. यादृच्छिक संख्या ०.२ आली आणि बेरीज करायची ठरली, तर नवी मूल्ये ३२, १६.८ आणि ६४० होतात. वजाबाकी ठरली तर २८, १५.२ आणि ५६०. बाहेर जाणाऱ्या फाइलमध्ये पूर्णांक मापे पूर्णांकच दिसावीत म्हणून शेवटी ती जवळच्या पूर्णांकात आणावीत.

०.१५ आणि ०.३५ या मर्यादा वाटेल तशा बदलू नयेत. खालची मर्यादा नसेल तर काही ओळी जवळजवळ जागेवरच राहतील. वरची मर्यादा ०.५ च्या खाली असल्यामुळे ओळ परक्या शेजाऱ्याच्या दिशेने सरकली तरी दोघांच्या मध्यबिंदूपलीकडे जात नाही, आणि समोरचाही तितकाच पुढे आला तरी दोघे मिळून अंतराचा ०.७ हिस्साच कापतात, त्यामुळे एकमेकांना ओलांडत नाहीत. जेथे दोन्ही गट अगदी चिकटून आहेत तेथे फरक लहान असल्याने हालचालही आपोआप लहान होते. जेथे ऐसपैस जागा आहे तेथे ओळ लांबवर जाते. सरसकट सारखा गोंगाट मिसळणाऱ्या पद्धतींपेक्षा मॉर्फ सरस ठरते ती या एका गुणामुळे.

तिची एक मर्यादा सूत्रातच दिसते. मूळ आणि शेजारी यांचे मूल्य सारखे असेल तर फरक शून्य होतो आणि ते मूल्य हलतच नाही. डीआयटी किंवा उपक्लासची संख्या अशा मापांत बहुतेक मूल्ये ०, १, २ अशीच असतात, त्यामुळे हे रकाने बरेचसे उघडे राहतात. फाइल बाहेर देण्यापूर्वी प्रत्येक रकान्यातील किती टक्के मूल्ये मुळीच बदलली नाहीत हे मोजावे, आणि एखादा रकाना जवळजवळ जसाच्या तसा राहिला असेल तर तो वगळला असता मॉडेलचे किती बिघडते ते पाहावे. बहुधा फारसे बिघडत नाही.

चौथी पायरी: गोपनीयता मोजणे

‘आता सुरक्षित वाटते’ हे मोजमाप नव्हे. पीटर्स यांनी त्यासाठी हल्लेखोराची भूमिका घेतली. कोडच्या ओळींची संख्या हे संवेदनशील माप मानले आणि बाकीच्या मापांतील एक, दोन किंवा चार मापांच्या पट्ट्या हल्लेखोराला आधीच माहीत आहेत असे धरले. त्याचा प्रश्न असा असतो: डब्ल्यूएमसी २५ ते ३५ आणि सीबीओ १५ ते २० असलेल्या क्लासमध्ये कोडच्या ओळी किती? हाच प्रश्न मूळ आणि झाकलेल्या, दोन्ही तक्त्यांना विचारावा. दोन्हीकडून मिळालेल्या तक्त्याच्या ओळींच्या गटात कोडच्या लांबीची सर्वाधिक वेळा येणारी पट्टी एकच निघाली, तर गोपनीयता भंगली असे मोजावे; वेगळी निघाली, किंवा झाकलेल्या तक्त्यात अशी ओळच सापडली नाही, तर हल्ला फसला. असे एक हजार यादृच्छिक प्रश्न विचारून ३०० वेळा भंग झाला, तर गोपनीयतेचे प्रमाण ७० टक्के. मूळ तक्ता आहे तसाच दिला तर हे प्रमाण शून्य येते, त्यामुळे तुलना करणे सोपे जाते. २०१२ च्या प्रयोगांत, संवेदनशील माप किती उघडे पडते यावरून मोजले असता, मॉर्फ केलेला डेटा मूळ डेटापेक्षा चौपट खाजगी ठरला होता.

पट्ट्या मात्र मूळ तक्त्यावरून आखाव्यात आणि झाकलेल्या तक्त्यालाही त्याच लावाव्यात. दोन्ही तक्त्यांसाठी वेगवेगळ्या पट्ट्या आखल्या तर आकडा फुगतो आणि आपण स्वतःचीच फसवणूक करतो.

पाचवी पायरी: उपयोग मोजणे

झाकलेल्या तक्त्यावर मॉडेल शिकवावे आणि ते भिन्न प्रकल्पाच्या, न झाकलेल्या डेटावर तपासावे, कारण घेणारा ते तसेच वापरणार आहे. रँडम फॉरेस्ट, नाइव्ह बेज आणि लॉजिस्टिक रिग्रेशन ही तिन्ही मॉडेले पीटर्स यांनी वापरली होती आणि सामान्य संगणकावर ती काही क्षणांत चालतात. अचूकतेच्या एकाच टक्केवारीवर विसंबू नये: अँट १.७ मधील सर्व क्लास निर्दोष आहेत असे डोळे झाकून सांगणारा सुद्धा ७७.७ टक्के वेळा बरोबर येतो, आणि त्याचा उपयोग शून्य असतो. म्हणून खऱ्या सदोषांपैकी किती पकडले हा पकड-दर, आणि निर्दोषांपैकी किती जणांवर नाहक ठपका ठेवला हा खोट्या इशाऱ्यांचा दर, असे दोन आकडे काढावेत. शंभरातून दुसरा आकडा वजा करून आलेल्या संख्येची पहिल्याशी हार्मोनिक सरासरी (दोन्हींच्या गुणाकाराची दुप्पट भागिले त्यांची बेरीज) काढली की एकच तुलनीय गुण मिळतो. मेंझीस आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये नासाच्या डेटावर सरासरी ७१ टक्के पकड आणि २५ टक्के खोटे इशारे मिळवले होते. त्यांचा असा गुण ७२.९ येतो.

हाच गुण आधी मूळ तक्त्यावर शिकवलेल्या मॉडेलसाठी काढावा आणि मग झाकलेल्यासाठी. मूळ गुणच खराब असेल तर दोष झाकण्याला देऊ नये. एका प्रकल्पाचा डेटा दुसऱ्याला उपयोगी पडेलच असे नाही. थॉमस झिमरमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा ६२२ जोड्या तपासल्या तेव्हा केवळ ३.४ टक्के जोड्यांत पूर्वानुमान समाधानकारक आले. त्याच वर्षी बुराक तुर्हान आणि सहकाऱ्यांनी उपाय दाखवला: आपल्या प्रकल्पातील प्रत्येक क्लाससाठी बाहेरच्या डेटातील सर्वांत जवळच्या दहा ओळी तेवढ्या घ्यायच्या आणि त्यांवर शिकवायचे. परक्या डेटाने वाढलेले खोटे इशारे अशा निवडीने बरेच खाली येतात. ही चाळणी डेटा घेणाऱ्याने लावायची असते, हे सोबतच्या टिपणात लिहून द्यावे.

क्लिफचे तिन्ही पर्याय आणि प्रत्येकासाठी मॉर्फच्या निदान दहा यादृच्छिक फेऱ्या, असे तीस तक्ते करून प्रत्येकाचे दोन्ही आकडे एका कागदावर मांडावेत. उपयोगाचा गुण मूळ गुणाच्या दोन-चार अंकांच्या आत आहे असे तक्ते वेगळे काढावेत आणि त्यांतून सर्वाधिक गोपनीयतेचा निवडावा. गुण थोडा खाली गेला म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. फुटलेला डेटा मात्र परत घेता येत नाही.

सहावी पायरी: अनेक जण मिळून देत असतील तर

तीन-चार कंपन्या किंवा एकाच समूहाचे विभाग एकत्र डेटा देणार असतील, तर लेस-२ ची पद्धत सोयीची आहे. पहिला मालक छाटून आणि सरकवून आपल्या काही ओळींचा साठा करतो आणि तो दुसऱ्याकडे पाठवतो. दुसरा आपली प्रत्येक ओळ साठ्यातील ओळींशी ताडून पाहतो. तिच्यासारखी ओळ आधीच तेथे असेल तर स्वतःची देत नाही, आणि अगदी निराळी असेल तरच झाकून साठ्यात घालतो. पंगतीत एकेकाने आपल्या घरचा वेगळा पदार्थ वाढावा तसे हे चालते, त्यामुळे प्रत्येकाला कमी द्यावे लागते. २०१५ च्या प्रयोगांत या रीतीने एकट्याने देण्यापेक्षा गोपनीयता वाढली आणि पूर्वानुमान बिघडले नाही. साठ्याची सुरुवात ज्याच्याकडे सर्वांत जास्त ओळी आहेत त्याने करू नये असे मला वाटते, कारण पहिल्याच्या बहुतेक ओळी ‘निराळ्या’च ठरतात आणि त्यालाच सर्वाधिक उघडे व्हावे लागते.

फाइल बाहेर जाताना

निवडलेला तक्ता एकदाच द्यावा. दर तिमाहीला तोच मूळ डेटा नव्या यादृच्छिक संख्यांनी झाकून पाठवला, तर घेणाऱ्याने त्या फाइलींची सरासरी काढली की अधिक आणि उणे एकमेकांना खोडतात आणि मूळ मूल्य हळूहळू वर येते. पुन्हा पाठवावी लागलीच तर तीच फाइल पाठवावी, आणि नवे क्लास असतील तर त्यांच्याच ओळी स्वतंत्रपणे झाकून जोडाव्यात. यादृच्छिक संख्यांचे बीज, म्हणजे ज्या आरंभसंख्येपासून संगणक त्या निर्माण करतो ती, कोडमध्ये लिहून तो कोड भांडारात टाकण्याची सवय संशोधकांना असते. येथे ते बीज पासवर्डइतकेच गुप्त आहे, कारण ज्याला बीज आणि पद्धत ठाऊक आहे तो सरकवलेली मूल्ये पुष्कळ अंशी उलट फिरवू शकतो. ओळींचा क्रमही विस्कटून द्यावा, नाहीतर पॅकेजप्रमाणे लागलेल्या ओळी नावांशिवायही आपली जागा सांगतात.

मॉर्फ ही सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या डिफरेन्शियल प्रायव्हसीसारखी गणिती हमी देत नाही, हे घेणाऱ्याला आणि आपल्या कायदा विभागाला स्पष्ट सांगावे. तिचा पुरावा प्रयोगांचा आहे आणि ते प्रयोग खुल्या प्रकल्पांवर झाले आहेत. म्हणून फाइल सर्वांसाठी खुली करण्याऐवजी नाव-गाव माहीत असलेल्या घेणाऱ्याला, पुन्हा ओळख पटवण्याचा प्रयत्न न करण्याच्या लेखी अटीवर द्यावी, आणि चौथ्या व पाचव्या पायरीतले दोन्ही आकडे त्या पत्रातच नमूद करावेत.

क्लास आणि ओळ यांची जोडी सांगणारी मूळ फाइल, तीस तक्ते आणि बीज यांपैकी काय ठेवायचे हेही त्याच दिवशी ठरवावे. न निवडलेले एकोणतीस तक्ते पुसून टाकावेत, सामायिक फोल्डरमध्ये आणि मेलच्या जोडपत्रांत राहिलेल्या प्रतींसह. सरासरी काढून मूळ मूल्य शोधण्यासाठी लागणारे सारे साहित्य त्या एकोणतीस फाइलींत तयारच पडलेले असते.